कोकणच्या गाडीचे तिकीट: आयआरसीटीसीवर काढावे की खासगी ॲपवर?

गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी हे दिवस वगळले, तर कोकणात जाणाऱ्या गाडीचे तिकीट मिळवणे हे काही दिव्य नाही. अडचण येते ती पहिल्यांदाच ऑनलाइन तिकीट काढणाऱ्याला, कारण मोबाइलवर ‘ट्रेन तिकीट’ असा शोध घेताच सरकारी आणि खासगी अशी डझनभर ॲप समोर उभी राहतात आणि प्रत्येक ॲप ‘कन्फर्म तिकीट’ हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत दाखवत असते. मुंबईत नव्याने नोकरीला लागलेले, निवृत्तीनंतर गावी स्थायिक झालेले आणि आजवर तिकिटाचे काम मुलांवर किंवा नाक्यावरच्या एजंटवर सोपवणारे, अशा सर्वांसाठी हे मार्गदर्शन आहे.

जागा असते कुठे?

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. आरक्षित डब्यातील प्रत्येक जागेचा हिशेब रेल्वेच्या एकाच संगणकीय आरक्षण प्रणालीत असतो, आणि ती प्रणाली रेल्वे मंत्रालयाची ‘क्रिस’ ही संस्था चालवते. स्थानकावरची आरक्षण खिडकी, आयआरसीटीसीचे संकेतस्थळ, रेल्वेचे ‘रेलवन’ ॲप, तसेच मेकमायट्रिप, पेटीएम, इक्सिगो, कन्फर्मटिकट यांसारखी खासगी ॲप, हे सर्व त्याच साठ्यातून जागा उचलतात. विहीर एकच आहे, रहाट मात्र अनेक आहेत. खासगी ॲपकडे स्वतःची राखीव बर्थ नसते, वेगळा कोटा नसतो आणि प्रतीक्षा यादीत कोणाला पुढे सरकवण्याचा अधिकारही नसतो. ती आयआरसीटीसीची अधिकृत भागीदार म्हणूनच काम करतात.

आयआरसीटीसी ही कंपनी 1999 मध्ये स्थापन झाली आणि तिने ऑगस्ट 2002 मध्ये ऑनलाइन तिकीटविक्री सुरू केली. ती सरकारी असली तरी 2019 पासून शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तिकिटावर घेतले जाणारे सुविधा शुल्क हे तिचे उत्पन्न आहे. या शुल्कातील निम्मा वाटा रेल्वेला द्यावा असा निर्णय ऑक्टोबर 2021 मध्ये झाला, शेअर कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी तो निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा ‘सरकारी म्हणजे फुकट आणि खासगी म्हणजे नफेखोर’ इतकी सरळ वाटणी येथे नाही. सुविधा शुल्क अजिबात द्यायचे नसेल, तर स्थानकावरची खिडकी हा एकच मार्ग उरतो.

कोकण रेल्वे हे वेगळे महामंडळ असल्यामुळे तिची तिकिटे वेगळीकडे मिळत असावीत, असाही अनेकांचा समज असतो. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा मार्ग त्या महामंडळाचा असला, तरी तिकिटे याच सामाईक प्रणालीतून दिली जातात. महामंडळाच्या संकेतस्थळाचा उपयोग वेळापत्रक आणि गाडी कुठवर आली हे पाहण्यासाठी करावा.

पहिली पायरी: खाते स्वतःच्या नावाचे आणि स्वतःच्या मोबाइलचे

तिकीट खासगी ॲपवरून काढायचे असले, तरी आयआरसीटीसीचे खाते लागतेच. खासगी ॲपवर प्रवाशांची नावे भरून झाल्यावर शेवटी आयआरसीटीसीचा पडदा उघडतो आणि तेथे त्याच खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. त्यामुळे सुरुवात आयआरसीटीसीचे खाते उघडण्यापासूनच करावी. संकेतस्थळाचा पत्ता ‘आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’ असा आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये. आयआरसीटीसीच्या नावाने बनावट ॲप पसरवून लोकांचे बँक तपशील चोरण्याचे प्रकार घडलेले आहेत आणि कंपनीनेच त्याबद्दल इशारा दिलेला आहे.

खाते उघडताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्यावा. गावाकडे हे काम बहुधा झेरॉक्सच्या दुकानात किंवा एखाद्या सेवा केंद्रात करून घेतले जाते आणि घाईत दुकानदार स्वतःचाच क्रमांक टाकून मोकळा होतो. पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि परताव्याचा संदेशही त्यालाच मिळतो. दुकान बंद असले की तिकीट रद्द करण्याची सोय राहत नाही. ज्याचा मोबाइल, त्याच्याच हाती खाते, हे व्यवहारातले सूत्र लक्षात ठेवावे.

त्यानंतर खात्याच्या विभागात जाऊन आधार पडताळणी पूर्ण करावी. हे काम प्रवासाच्या आधी कित्येक दिवस उरकून घ्यावे, तिकीट काढायच्या सकाळी ते करत बसू नये. आधार न जोडलेल्या खात्यावरून महिन्याला 12 तिकिटे काढता येतात आणि जोडलेल्या खात्यावरून 24. पण या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे कारण वेगळे आहे. 1 जुलै 2025 पासून आयआरसीटीसीवर तत्काळ तिकीट आधार-पडताळणी झालेल्या खात्यालाच मिळते. 1 ऑक्टोबर 2025 पासून सर्वसाधारण आरक्षण खुले होतानाची पहिली 15 मिनिटेही अशाच खात्यांसाठी राखीव झाली आणि पुढे ही मुदत वाढवत नेण्यात आली. म्हणजे गर्दीच्या दिवशी आधार न जोडलेले खाते जवळपास निरुपयोगी ठरते. याच मोहिमेत रेल्वेने अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केली.

शेवटी नेहमीच्या प्रवाशांची यादी खात्यात भरून ठेवावी. नाव, वय आणि बर्थची पसंती आधीच भरलेली असेल, तर ऐन वेळी फक्त खूण करावी लागते. नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. घरी ‘बाळा’ म्हणत असले, तरी तिकिटावर बाळकृष्णच हवा.

दुसरी पायरी: स्थानक आणि तारीख

कोकणात गावाचे नाव आणि स्थानकाचे नाव नेहमीच एक नसते. मालवणला जाणाऱ्याने साधारणपणे कुडाळला उतरावे. सिंधुदुर्ग नावाचे स्थानक ओरोसजवळ आहे, किल्ल्याजवळ नाही, आणि नवखे प्रवासी येथे हमखास गोंधळतात. गणपतीपुळ्याला जाणाऱ्यासाठी रत्नागिरी, गुहागरसाठी चिपळूण आणि दापोलीसाठी खेड ही स्थानके सोयीची आहेत. वैभववाडी, राजापूर आणि सावंतवाडी या नावांपुढे ‘रोड’ जोडलेले असते, कारण तेथे स्थानक मूळ गावापासून दूर आहे. उतरल्यावर रिक्षा किंवा एसटी लागेल हे गृहीत धरूनच गाडीची वेळ निवडावी.

तारखेचा घोटाळा याहून महाग पडतो. दादरहून सावंतवाडी रोडला जाणारी तुतारी एक्स्प्रेस रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्या माणसाच्या मनात शुक्रवार असतो, पण तिकीट शनिवारच्या तारखेचे हवे. कोकणकन्या एक्स्प्रेसची गंमत आणखी वेगळी आहे. ती मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. म्हणून एकाच गाडीसाठी दादरला चढणाऱ्याने आजची तारीख टाकायची आणि पनवेलला चढणाऱ्याने उद्याची. ॲप सरकारी असो वा खासगी, तुमच्या मनातली रात्र त्याला कळत नाही. पैसे भरण्यापूर्वी ‘बोर्डिंग’ची, म्हणजे गाडीत चढण्याची तारीख आणि वार मोठ्याने वाचावा, इतकाच यावर उपाय आहे.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकही बदलते. गाड्या सावकाश चालवल्या जातात आणि परतीच्या प्रवासात काही स्थानकांवर त्या नेहमीपेक्षा आधी येतात. 2025 मध्ये हे वेळापत्रक 15 जून ते 20 ऑक्टोबर या काळात लागू होते, म्हणजे गणपती त्यातच आले. मे महिन्यात पाहून पाठ केलेली वेळ सप्टेंबरात उपयोगी पडत नाही.

तिसरी पायरी: शोध खासगीवर, खरेदी आयआरसीटीसीवर

ही पद्धत बहुतेक वेळा फायद्याची ठरते असे माझे मत आहे. खासगी ॲपना तिकीट विकण्यासाठी ग्राहक धरून ठेवावा लागतो, म्हणून त्यांनी शोधाची सोय चांगली केली आहे. एका पडद्यावर सर्व गाड्या, सर्व वर्ग आणि आजूबाजूच्या तारखा दिसतात आणि काही ॲप मराठीतही चालतात. सरकारी संकेतस्थळाने या बाबतीत अजून बरेच शिकण्यासारखे आहे.

या ॲपचा खरा उपयोग होतो तो पर्यायी स्थानकांसाठी, आणि तो कसा हे समजण्यासाठी कोटा समजून घ्यावा लागतो. गाडी जेथून सुटते तेथून तिच्या शेवटच्या स्थानकापर्यंतच्या प्रवासाला सर्वसाधारण कोट्यात सर्वाधिक जागा असतात. मधल्या स्थानकांसाठी बहुधा सामाईक किंवा त्या त्या स्थानकापुरता छोटा कोटा असतो, आणि तेथील प्रतीक्षा यादी कमी सरकते. त्यामुळे मुंबई ते कुडाळ वेटिंग दिसत असताना त्याच गाडीत मुंबई ते मडगाव जागा शिल्लक असू शकते. मडगावचे तिकीट काढून कुडाळला उतरण्यात गैर काही नाही. फक्त भाडे मडगावपर्यंतचे पडते. परतीच्या वेळी मडगाव ते मुंबई तिकीट काढून बोर्डिंग स्थानक म्हणून कुडाळ निवडता येते. बोर्डिंग बदलायला मात्र विसरू नये. तुम्ही मडगावला चढला नाहीत, तर तुमची बर्थ दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

खासगी ॲप असे पर्याय आपोआप सुचवतात. ते पाहून घ्यावेत आणि मग तेच तिकीट आयआरसीटीसीवर काढावे.

वेटिंगपुढे दिसणाऱ्या ‘कन्फर्म होण्याची शक्यता’ या टक्केवारीबद्दल एक इशारा द्यायला हवा. तो पूर्वीच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज असतो आणि आयआरसीटीसीही असा अंदाज दाखवते. एरवीच्या मंगळवारी तो बऱ्यापैकी जुळतो, परंतु चतुर्थीच्या आदल्या दिवसाचे तिकीट ज्याने काढले आहे असा चाकरमानी ते सहसा रद्द करत नाही, हे गणिताला कळेलच असे नाही. त्या आठवड्यात 80 टक्के दिसले तरी एसटीचा पर्याय मोकळा ठेवावा.

चौथी पायरी: पैसे भरण्याचा पडदा

येथे घाई करू नये. तिकिटाचे मूळ भाडे सगळीकडे सारखेच असते आणि फरक पडतो तो वरच्या रकमांत. आयआरसीटीसीवर यूपीआयने पैसे भरल्यास सुविधा शुल्क बिगर-एसी वर्गाला 10 रुपये आणि एसी वर्गाला 20 रुपये आहे. कार्ड किंवा नेट बँकिंगने भरल्यास ते 15 आणि 30 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे स्लीपरचे तिकीट यूपीआयने काढले तर 11 रुपये 80 पैसे, तृतीय एसीचे काढले तर 23 रुपये 60 पैसे. हे शुल्क प्रवाशागणिक नसून तिकिटागणिक असते, म्हणून सहा जणांच्या कुटुंबाने एकच तिकीट काढावे.

खासगी ॲपवर आयआरसीटीसीचे शुल्क असतेच. त्यावर ॲपचे सेवाशुल्क आणि अनेकदा पैसे भरण्याच्या मार्गाचे शुल्क चढते. इथवरची रक्कम समजण्यासारखी आहे, कारण सेवा दिली तर मोबदला घेतला जाणारच. खरी वाढ होते ती ‘मोफत रद्दीकरण’, ‘प्रवासाची हमी’ किंवा खासगी विमा अशा जोडण्यांमुळे. नाव मोफत असले तरी त्यासाठी आधी शुल्क भरावे लागते. ‘तिकीट कन्फर्म झाले नाही तर दुप्पट परत’ अशा योजनेत वरची रक्कम अनेकदा कूपनच्या रूपात मिळते, आणि तिच्या अटी लहान अक्षरांत असतात.

प्रवास नक्की असणाऱ्याला यातल्या कशाचीही गरज नाही. मात्र रजा मंजूर होईल की नाही याची खात्री नसताना एसी वर्गाची चार-पाच तिकिटे काढणाऱ्याला रद्दीकरणाचे संरक्षण परवडू शकते. त्याने रेल्वेची कपात आणि ॲपचे शुल्क या दोन रकमा शेजारी लिहून ठरवावे. अशी जोडणी तुम्ही न मागता आधीच निवडलेली आढळली, तर ती काढून टाकावी. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात वस्तू घालण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे. आयआरसीटीसीच्या पडद्यावरही प्रवास विम्याचा पर्याय असतो. तो 45 पैशांत 10 लाखांपर्यंतचे संरक्षण देतो आणि मी तो घ्यावा असेच सुचवेन.

गणपतीचे तिकीट आणि तत्काळ

1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली आहे. प्रवासाचा दिवस यात धरला जात नाही आणि मोजणी गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याच्या तारखेपासून होते. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. 12 सप्टेंबरला मुंबईहून सुटणाऱ्या कोकणकन्येचे आरक्षण या हिशेबाने 14 जुलैला सकाळी 8 वाजता खुले होते, आणि पनवेलला 13 तारखेची गाडी म्हणून चढणाऱ्यालाही 14 जुलैलाच बसावे लागते. पनवेलच्या तारखेवरून मोजून 15 जुलै धरणाऱ्याच्या हाती वेटिंगच लागण्याची शक्यता अधिक.

तत्काळची मोजणीही अशीच मूळ स्थानकावरून होते. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसी वर्गासाठी सकाळी 10 वाजता आणि बिगर-एसीसाठी 11 वाजता तत्काळ खुले होते. एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी घेता येतात. तत्काळच्या पहिल्या 30 मिनिटांत आणि सर्वसाधारण आरक्षण खुले होतानाच्या पहिल्या 10 मिनिटांत अधिकृत एजंटांना आरक्षण करता येत नाही, त्यामुळे ‘मी पहिल्या मिनिटात काढून देतो’ असे सांगणारा एजंट एकतर थाप मारतो आहे किंवा काहीतरी बेकायदा करतो आहे.

या दोन्ही प्रसंगी आयआरसीटीसीचे संकेतस्थळ किंवा ॲपच वापरावे. येथे सेकंदांचा खेळ असतो आणि खासगी ॲपवरून आयआरसीटीसीच्या पडद्यावर जाण्यात एक टप्पा जास्तीचा पडतो. पाच मिनिटे आधी लॉगिन करून ठेवावे. पैसे भरण्यासाठी आयआरसीटीसीचे ई-वॉलेट किंवा यूपीआय हाताशी असावे. गावी नेटवर्क येते-जाते असेल, तर बँकेच्या ओटीपीची वाट पाहताना जागा निघून जाते. आयआरसीटीसीची ‘ऑटोपे’ सोय अशी आहे की पैसे खात्यातच रोखून ठेवले जातात आणि तिकीट निघाले तरच कापले जातात.

घरातील एकाने मोबाइलवर आणि दुसऱ्याने स्थानकाच्या खिडकीवर प्रयत्न करण्याची जुनी रीत आजही चालू आहे. खिडकीवरही तत्काळसाठी आता आरक्षणाच्या वेळी दिलेल्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो, म्हणून रांगेत उभ्या राहणाऱ्याने तो फोन सोबत न्यावा. गणपतीसाठीच्या विशेष गाड्या मात्र बहुधा नंतर जाहीर होतात आणि त्यांचे आरक्षण वेगळ्या दिवशी खुले होते. नियमित गाडी भरली म्हणून लगेच निराश होऊ नये.

दिवा–सावंतवाडीसारख्या गाडीने जनरल डब्यातून जाणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. त्याने रेलवन ॲपवरून किंवा खिडकीवरून अनारक्षित तिकीट घ्यावे.

वेटिंग, रद्दीकरण आणि परतावा

ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) तयार झाल्यावरही पूर्णपणे वेटिंगच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढू नये. खिडकीवरचे वेटिंग तिकीट मात्र स्वतः जाऊन परत करावे लागते. सकाळच्या गाड्यांचा पहिला चार्ट आता आदल्या संध्याकाळी किंवा रात्रीच तयार होतो, तेव्हा झोपण्यापूर्वी तिकिटावरचा पीएनआर क्रमांक टाकून स्थिती तपासली तर पहाटे बॅगा घेऊन स्थानकावर हेलपाटा पडत नाही.

रद्दीकरणाची कपात रेल्वे ठरवते आणि ती सर्वत्र सारखीच असते; तिकीट जितके उशिरा रद्द कराल, तितकी ती वाढते. सुविधा शुल्क आणि ॲपचे सेवाशुल्क परत मिळत नाही. फरक पडतो तो परताव्याच्या वाटेत. आयआरसीटीसीवरून काढलेल्या तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात येतात. खासगी ॲपच्या बाबतीत ते आधी ॲपकडे आणि मग तुमच्याकडे येतात. एखादे ॲप ते स्वतःच्या वॉलेटमध्ये टाकण्याचा पर्याय आधीच निवडून ठेवते, म्हणून ‘मूळ खात्यात’ हा पर्याय तपासावा. तिकीट ज्या ॲपवरून काढले, त्याच ॲपवरून ते रद्द करावे लागते हेही ध्यानात असू द्यावे.

कोकणात हा मुद्दा पावसाळ्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. जुलै 2024 मध्ये खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड कोसळून वाहतूक ठप्प झाली, तेव्हा गाड्या रद्द झाल्या आणि काही वळवल्या गेल्या. रद्द झालेल्या गाडीच्या ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप मिळतात. गाडी तुमच्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि तुम्हाला प्रवास करायचा नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, दाखल करावा लागतो. अशा वेळी खासगी ॲपच्या मदतकेंद्रात यंत्राशी चॅट करत बसण्यापेक्षा स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यातून अर्ज करणे सोपे जाते, हे मी आयआरसीटीसीवर तिकीट काढण्याकडे झुकण्याचे आणखी एक कारण.

एजंट आणि दलाल

आयआरसीटीसीचा अधिकृत एजंट हा कायदेशीर व्यवसाय आहे आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो उपयोगी आहे. त्याने दिलेल्या तिकिटावर एजंटाचा तपशील आणि भाड्याची रक्कम छापलेली असते. ती पाहूनच पैसे द्यावेत. याउलट, वैयक्तिक खात्यावरून तिकिटे काढून ती नफ्याने विकणे हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 143 खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम ई-तिकिटांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले. शेजाऱ्याचे किंवा मित्राचे तिकीट तुमच्या खात्यावरून काढून देण्यास हरकत नाही, फक्त त्यावर पैसे कमवू नयेत. दलालाकडून दुसऱ्याच्या नावाचे तिकीट घेतलेल्या प्रवाशाला तपासणीत विनातिकीट धरले जाते आणि दलालाने घेतलेले पैसे तर गेलेलेच असतात.

गाडीत मोबाइलवरचा संदेश आणि मूळ ओळखपत्र पुरेसे असते. प्रवासातील तक्रारीसाठी 139, आयआरसीटीसीच्या तिकिटासाठी 14646 आणि पैशांची फसवणूक झाल्यास 1930 हे क्रमांक फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवावेत. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ असा शोध घेऊन सापडलेल्या क्रमांकावर फोन करू नये, आणि परतावा देतो असे सांगून कोणी स्क्रीन दाखवायला लावणारे ॲप घ्यायला सांगितले, तर फोन तिथेच ठेवावा.